आमचे फोटो, आमच्या नोंदी आणि तुमची मालकी : रेल्वेछंदींच्या संकेतस्थळाच्या नव्या चालकांना खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापक मंडळ,
रेल्वेछंदींच्या संकेतस्थळाचे नवे चालक

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमची सूचना सर्व सभासदांना मिळाली. संकेतस्थळ तुमच्या कंपनीने विकत घेतले आहे, वापराच्या अटी बदलल्या आहेत आणि दिलेल्या मुदतीत नव्या अटींखालच्या चौकटीत खूण केली नाही तर खाते बंद होईल, असे तीत लिहिले होते. मी त्या अटी शेवटपर्यंत वाचल्या. सभासदांनी आजवर टाकलेला प्रत्येक फोटो, इंजिनांची प्रत्येक नोंद, लिहिलेली प्रत्येक आठवण यापुढे कंपनीच्या मालकीची समजली जाईल. कंपनीला ती जगात कुठेही, कुठल्याही माध्यमात, कायमची वापरता आणि विकता येईल. आणि हे सगळे मागील तारखेपासून लागू राहील, असा त्यांचा अर्थ आहे. ज्याला अटी मान्य नाहीत त्याचे खाते जाईल, मजकूर मात्र तुमच्याकडेच राहील.

मी खूण केलेली नाही. तुमच्या मदत कक्षाला सविस्तर लिहिले, त्यावर "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" एवढेच उत्तर आले. म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहे. ते तुमच्यासाठी आहे, आणि खूण करावी की नाही या विचारात अडकलेल्या सभासदांसाठीही आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगतो.

मी नागपूरचा, इतवारीत वाढलेला. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते डायमंड क्रॉसिंग आमच्या गावात आहे, त्यामुळे ब्रॉडगेजचे वेड असणारे इथे भरपूर. माझा जीव मात्र नॅरोगेजवर. अडीच फुटी रुळांवरून इतवारीहून एक गाडी सावनेर, सौंसरमार्गे छिंदवाड्याला जायची आणि दुसरी कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला. छिंदवाड्याची २०१५ च्या अखेरीस बंद झाली, नागभीडची नोव्हेंबर २०१९ मध्ये. रूळ मोठे करायचे म्हणून बंद झाल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही; उमरेड-भिवापूरच्या लोकांना वेगाची गाडी हवीच होती. पण त्या गाड्या आता पुन्हा बघायला मिळणार नाहीत. नागपुरातल्याच मोतीबागला २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे, तिथे इंजिने आणि डबे नीट जपले आहेत. मात्र धावती गाडी, दारात पाय सोडून बसलेली माणसे, टोपल्या घेऊन चढणाऱ्या बाया, तिकीट खिडकीमागचा पुठ्ठ्याच्या तिकिटांचा लाकडी कप्पा, हे पाहायचे तर आमच्यासारख्यांनी काढलेले फोटोच उघडावे लागतात. त्यातले माझ्या माहितीचे बरेचसे तुम्ही विकत घेतलेल्या संकेतस्थळावर आहेत.

माझ्या फोटोंखालचा मजकूर माझ्या एकट्याचा नाही. मोतीबागच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका होते. नागपुरातल्या इंदोरा भागातल्या त्यांच्या घरी मी फोटोंच्या मोठ्या प्रती घेऊन जायचो. ते चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ धरत आणि मला जे कधीच दिसले नसते ते दाखवत. एका डब्याच्या फोटोत चाकाजवळच्या स्प्रिंगवर बोट ठेवून म्हणाले, "हे पट्टी पाय, बाकीच्यापेक्षा उजळ दिसते का नाही? बदललेली हाय. आमच्याच हातची." मग ती पट्टी का तुटते, कोणत्या मोसमात जास्त तुटते, तिच्यासाठी गाडी किती वेळ अडून राहते, हे सगळे त्यांनी सांगितले. मी ते त्यांच्याच शब्दांत उतरवून फोटोखाली टाकले. त्यांची अट एकच होती. "माह्यं नाव टाकजो बाप्पा, पण मोतीबागचं पयले टाकजो." त्याप्रमाणे मी प्रत्येक टिपणाखाली आधी मोतीबाग आणि मग त्यांचे नाव लिहीत गेलो. काका आता नाहीत.

तुम्ही आता 'प्रीमियम संग्रह' नावाने जो विभाग पैसे घेऊन दाखवता, त्यात तो स्प्रिंगचा फोटो आहे. खालचे टिपण शब्दाला शब्द तेच आहे. काकांचे नाव नाही, मोतीबाग नाही, माझेही नाव नाही. फोटोच्या मधोमध तुमच्या कंपनीचा शिक्का आहे आणि खाली 'सर्व हक्क राखीव' असे लिहिले आहे. काकांच्या मुलीने तो मला फोनवर पाठवला आणि विचारले, "बाबांचं नाव कुठं गेलं?"

या प्रश्नाचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे. माझे आक्षेप मी एकेक करून मांडतो.

सगळ्यात मोठा आक्षेप मागील तारखेचा. आम्ही ज्या अटींवर फोटो टाकले त्यांत स्पष्ट म्हटले होते की मजकुरावरचा हक्क देणाऱ्याचाच राहील आणि संकेतस्थळाला तो दाखवण्याची परवानगी असेल. त्या शब्दावर विसंबून लोकांनी आपले अल्बम, वडिलांच्या डायऱ्या, जुनी वेळापत्रके स्कॅन करून दिली. तुम्ही संकेतस्थळ विकत घेतले म्हणजे आधीच्या चालकांकडे जे होते ते घेतले. त्यांच्याकडे दाखवण्याची परवानगी होती, मालकी नव्हती. जे त्यांचे नव्हतेच ते त्यांनी तुम्हाला विकले कसे?

हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्या एका मित्राबरोबर बसून मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचून काढला. फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, हे त्यात व्याख्येतच आहे. कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीत असताना केलेले काम किंवा मोबदला देऊन काढून घेतलेला फोटो अशा काही प्रसंगी मालकी दुसऱ्याची होते. आम्ही तुमचे नोकर नाही आणि आम्हाला कोणी एक रुपया दिलेला नाही. मालकी दुसऱ्याला द्यायची तर कलम १९ म्हणते की ते लेखी हवे आणि देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला काय, हे सगळे त्यात यायला हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क मिळतो. देणाऱ्याच्या हातून हक्क सहज निसटू नयेत म्हणूनच कायद्याने इतकी बंधने घातली आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याने ऑनलाइन करार मान्य केले आहेत, हे मला ठाऊक आहे. पण एका चौकटीतली खूण ही माझ्या सगळ्या फोटोंच्या मालकीवरची सही ठरते असे तुमचे म्हणणे असेल, तर तसे उघड सांगा. आणि ज्याने खूण केलीच नाही त्याचाही मजकूर तुम्ही ठेवून घेणार आहात. त्याची सही कुठली?

खूण न करणाऱ्यांत काकांसारखी माणसेही आहेत, जी आता हयात नाहीत. जुन्या सभासदांत रेल्वेतून निवृत्त झालेले अनेकजण होते. कायद्याने त्यांच्या लेखनावरचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे असतो. यातल्या एकाच्या तरी घरी तुम्ही चौकशी केलीत का?

दुसरा आक्षेप नावे काढून टाकण्याचा, आणि माझ्या मनाला हा जास्त लागला आहे. पैशाचे हक्क विकले तरी कर्त्याचे दोन हक्क शिल्लक राहतात, असे कलम ५७ सांगते. हे काम माझे आहे असे म्हणण्याचा हक्क, आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी त्याची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, त्याचे पैसे दिलेले होते, तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सहगल यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेले शिल्प त्यांना परत करायला लावले आणि पाच लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितले. सरकारने तरी पैसे मोजून शिल्प घेतले होते. तुम्ही काकांच्या टिपणासाठी काहीही मोजलेले नाही, आणि त्यांनी मागितलेली एकच गोष्ट तुम्ही पुसून टाकली.

तिसरा आक्षेप जबाबदारीबद्दल. तुमच्या त्याच अटींत पुढे लिहिले आहे की मजकुरामुळे काही वाद, दावा, नुकसान झाले तर जबाबदारी सर्वस्वी सभासदाची, कंपनी केवळ मध्यस्थ. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थांना संरक्षण देते, ते मजकूर दुसऱ्याचा असतो म्हणून. मजकूर दुसऱ्याचा असेल तर मालकी तुमची कशी? आणि मालकी तुमची असेल तर जबाबदारी आमच्यावर का? दोन्हीपैकी एक निवडा.

चौथा आक्षेप नोंदींबद्दलचा. इंजिनाचा क्रमांक, ते कोणत्या शेडचे (म्हणजे कोणत्या इंजिनघराचे), कोणत्या दिवशी कुठे दिसले, ही माहिती कोणाच्याच मालकीची नसते. न्यायालयांचे निकाल संपादित करून छापणाऱ्या ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हाच फरक केला: मूळ निकालपत्रे सर्वांची, संपादकांनी स्वतःची बुद्धी वापरून घातलेली भर तेवढी त्यांची. इंजिनांच्या यादीच्या मांडणीवर तुमच्या लोकांनी मेहनत घेतली असेल तर त्या मांडणीवर तुमचा हक्क मी नाकारत नाही. पण आम्हीच उन्हातान्हात फलाटावर उभे राहून गोळा केलेले आकडे आम्हीच दुसरीकडे छापले तर कारवाई होईल, ही तुमची अट सरळ अन्यायाची आहे. इतवारीच्या फलाटावर मे महिन्यात दुपारी कोणी उभे राहिले आहे का तुमच्यापैकी?

उरलेले थोडक्यात. स्वतःचा फोटो मूळ आकारात परत घ्यायचा तर आता सभासदाला शुल्क भरावे लागते. नागपूर स्थानकाच्या दगडी इमारतीच्या शताब्दीनिमित्त तुम्ही दिनदर्शिका काढली, तिच्यात सभासदांचे फोटो न विचारता वापरले. ज्यांचे वापरले त्यांना साधी प्रतही मिळाली नाही. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी सगळा संग्रह 'भागीदारांना' देण्याची मुभा तुम्ही एका उपकलमात घेऊन ठेवली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा असे म्हणतो की हक्क देताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याला ते हस्तांतरण लागू होत नाही, करारात त्याचा खास उल्लेख असल्याखेरीज. नागभीडची गाडी धावत होती तेव्हा फोटो टाकणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात हा वापर होता?

तुमची बाजू मला दिसत नाही असे समजू नका. सर्व्हरला पैसे लागतात, सुरक्षिततेला लागतात, आधीच्या चालकांना तो खर्च झेपत नव्हता. संकेतस्थळाचे नाव, त्याची रचना, त्यामागची प्रणाली तुमची आहे. सभासद शुल्क लावा, जाहिराती घ्या. मी स्वतः वर्गणी भरायला तयार आहे आणि बरेचजण भरतील. आमचे फोटो दाखवण्याची, लहान आकार करण्याची, सुरक्षित प्रत ठेवण्याची परवानगीही तुम्हाला लागणारच. एवढ्या परवानगीत संकेतस्थळ उत्तम चालते. त्यासाठी मालकी लागत नाही.

ती लागत नाही हे दाखवणारी उदाहरणे आहेत. विकिपीडियावर लिहिणारा स्वतःच्या लेखनाचा हक्क गमावत नाही, तो श्रेय देण्याच्या अटीवर सर्वांना वापराचा खुला परवाना देतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशाला २०१२ मध्ये परवाना बदलायचा होता. त्यांनी आधीच्या योगदानकर्त्यांपैकी एकेकाला विचारले. ज्यांनी नकार दिला आणि ज्यांचे उत्तरच आले नाही, त्यांनी काढलेले रस्ते, नद्या, गावे नकाशातून काढून टाकली. नकाशाला त्या वेळी भोके पडली, लोकांनी ती पुन्हा भरली. जगभर पसरलेल्या लोकांना विचारणे त्यांना जमले. तुमच्याकडे तर प्रत्येक सभासदाचा ईमेल आहे.

उलट उदाहरणेही आहेत. सीडीवरच्या गाण्यांची नावे लोकांनी घरबसल्या टाइप करून सीडीडीबी नावाचा साठा उभा केला. पुढे तो खासगी झाला, ग्रेसनोट या नावाने त्याचा धंदा झाला आणि २००८ मध्ये सोनीने ती कंपनी सुमारे २६ कोटी डॉलरना घेतली. नावे टाइप करणाऱ्यांच्या हाती काही आले नाही. त्या चिडीतूनच म्युझिकब्रेन्झसारखे खुले प्रकल्प उभे राहिले. विकिट्रॅव्हल हे प्रवासमाहितीचे संकेतस्थळ २००६ मध्ये एका कंपनीने घेतले. कारभार बिघडला तेव्हा लिहिणारी मंडळी सगळा मजकूर घेऊन बाहेर पडली. कंपनीने दोन स्वयंसेवकांवर दावा लावला, तरी जानेवारी २०१३ मध्ये त्यांचे नवे संकेतस्थळ विकिव्हॉयेज सुरू झालेच. मजकूर खुल्या परवान्याखाली होता म्हणून त्यांना तो नेता आला. आमच्या संकेतस्थळावर असा परवाना नव्हता, पण हक्क आमचाच आहे असे लेखी वचन होते, आणि आम्ही त्याच वचनावर उभे आहोत.

आता मागण्या.

मजकुराच्या मालकीचे कलम पूर्ण मागे घ्या आणि जुनी अट परत आणा: हक्क देणाऱ्याचा, संकेतस्थळाला फक्त दाखवण्यापुरती परवानगी, आणि देणाऱ्याला ती परवानगी काढून घेण्याची मुभा. ज्या फोटोंवरून आणि टिपणांवरून नावे काढली ती परत लावा. ज्यांनी नावासोबत गाव, शेड, कारखाना लिहिला होता त्यांचे तेही जसेच्या तसे लावा. फोटोच्या मधला शिक्का काढा. प्रत्येक सभासदाला त्याचा सगळा संग्रह, खालच्या मजकुरासह, मूळ आकारात विनाशुल्क उतरवून घेता यावा. पैसे घेऊन दाखवणे, दिनदर्शिका किंवा पुस्तक छापणे, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी देणे, यातल्या प्रत्येक वापराला वेगळी संमती घ्या. उत्तर आले नाही तर तो नकार समजा. विक्रीतून पैसे येणार असतील तर मोबदला किती, हे आधी लिहून द्या. दिवंगत सभासदांच्या वारसांना त्यांच्या वतीने बोलता येईल अशी सोय करा. आणि या सगळ्या अटी मराठीसह भारतीय भाषांत, वाचता येतील अशा अक्षरांत द्या, कारण फोटो देणाऱ्यांत गँगमन आहेत, गार्ड आहेत, शाळेतली मुले आहेत. यांवर निर्णय होईपर्यंत एकही खाते बंद करू नका.

सभासद मित्रांनो, तुम्हाला माझी विनंती आहे की घाईने खूण करू नका आणि रागाने फोटो काढूनही टाकू नका. नागभीड मार्गावरच्या काही स्थानकांचा दुसरा फोटो कुठेही सापडणार नाही. आधी आपल्या फोटोंची, त्यांखालच्या मजकुराची आणि जुन्या अटींच्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवा. मूळ फाइल, निगेटिव्ह, प्रिंट जे असेल ते एका जागी आणा. आणि कंपनीला स्वतःच्या नावाने लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.

व्यवस्थापक महोदय, मी माझे फोटो काढून घेतलेले नाहीत. नवे मात्र टाकणे थांबवले आहे. काकांच्या सगळ्या टिपणांची प्रत त्यांच्या मुलीकडे दिली आहे, आणि कलम ५७ खाली वारस म्हणून तिचे वेगळे पत्र तुम्हाला स्पीड पोस्टाने येईल. या पत्राचे उत्तर तुम्ही तीस दिवसांत, मदत कक्षातून न देता जबाबदार माणसाच्या सहीने आणि सर्व सभासदांना दिसेल असे द्यावे. उत्तर आले नाही तर आम्ही काही सभासद मिळून कायदेशीर नोटीस पाठवू. तिचा मसुदा तयार आहे.

आपला,
एक जुना सभासद,
इतवारी, नागपूर